सोसवेल तितकं गरम

सिस्टर,

तुम्ही गेलात ती बातमीसुद्धा फोनवर चुकीचीच फिरली.

तुम्हाला अजून घरातून नेलंही नव्हतं. ओटीवर बायका बसल्या होत्या, तुमची भाची स्मिता आत कपाटात तुमची चांगली साडी शोधत होती, आणि माझ्या खिशातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटी परसात जाऊन बघितला. कुठल्यातरी अनोळखी बाईचा फोटो आणि खाली मजकूर : 'इंग्रजी औषधांची वकिली करणाऱ्या नर्सबाई अखेर त्याच औषधांनी गेल्या. केमोने घेतला बळी. पुढे पाठवा.' तीन ग्रुपवर तोच मजकूर आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. हात जोडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तुम्ही स्वतः डोस पाजलेले.

खरं सांगू? मला राग आला नाही. कंटाळा आला. आठ वर्षं विहीर उपसली आणि पाणी तिथंच, असं वाटलं. पण तुम्ही असतात तर चष्मा पुसत म्हणाला असतात, "कपाळाला हात नंतर लाव. आधी काय चुकलंय ते मांड." मग तिथंच, केळीच्या बुंध्याशी उभं राहून मी लिहिलं : सिस्टर स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेल्या. आजार कळला तेव्हाच तो पसरलेला होता. केमोच्या दोन फेऱ्यांनंतर फारसा उपयोग नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतः ती थांबवली. शेवटचे अडीच महिने त्या घरीच होत्या. सोबत फिरणारा फोटो त्यांचा नाही.

घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या दुखण्याबद्दल ओळ लिहायची नाही, हा तुमचा दंडक. म्हणून आत जाऊन स्मिताला दाखवलं. ती साडी छातीशी धरून उभी होती. तिने वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "दिलीपदादा, अडीच नाही, पावणेतीन. मावशीने तेवढं दुरुस्त करायला लावलंच असतं."

पावणेतीन केलं आणि पाठवलं. मग तुम्हाला उचललं.

आपण सुरुवात केली ती माझ्या दुकानात. आगरदांड्याच्या रस्त्यावरचं माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तुम्ही निवृत्तीनंतरचा पहिलाच हयातीचा दाखला काढायला आला होतात. मशीन तुमचा अंगठा घेत नव्हतं. आयुष्यभर साबणाने हात धुऊन रेघा गेल्या असतील, असं तुम्हीच म्हणालात. चौथ्यांदा अंगठा टेकवता टेकवता दुसऱ्या हाताने तुम्ही फोन माझ्यापुढे केलात. "हे वाच."

गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या घेतल्या तर मूल काळं होतं, असा तो मेसेज होता. खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला ज्या उपकेंद्रात तुम्ही जन्मभर त्याच गोळ्या वाटल्यात, तिथल्याच एका पोरीने तो वाचून गोळ्या रोज चुलीत टाकल्या होत्या. बाळंतपणाच्या वेळी अंगात रक्तच नव्हतं. फेरीबोटीतून अलीकडे आणली, तिथून पुढे अलिबागला नेली. पोरगी वाचली, मूल राहिलं नाही. तुम्ही हे सगळं नोंदवही वाचून दाखवावी तसं सांगितलंत. मग विचारलंत, "दिलीप, हे लिहितं कोण?"

"कोणीही लिहितं, सिस्टर. त्याला कुणाला विचारावं लागत नाही."

"मग आपण का लिहीत नाही?"

मी तेव्हा एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवायचो. लिहिता येतं असा थोडा ताठाही होता. वाटलं, निवृत्त बाई आहे, महिनाभर हौस करील. फोनवर उघडेल अशा आपल्या पानाला मी 'आरोग्यसंजीवनी' असं नाव सुचवलं. तुम्ही म्हणालात, "संजीवनी आहे का आपल्याकडे? नाही ना? मग?" शेवटी नाव ठरलं 'आधी विचारा'. मला ते सरकारी पाटीसारखं वाटलं. अजूनही वाटतं.

महिनाभराची हौस आठ वर्षं चालली. दर मंगळवारी दुपारी दुकानाबाहेरच्या बाकावर तुम्ही लोकांनी आठवडाभरात विचारलेले प्रश्न घेऊन बसायचात. मी मसुदा करायचा, तुम्ही त्यातली विशेषणं काढून टाकायची, मग तो तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमकडे जायचा. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक अक्षर चढवायचं नाही. खाली तारीख घालायची, माहिती कुठून घेतली ते लिहायचं, आणि ठाऊक नसेल तिथे 'आम्हाला माहीत नाही' असं सरळ म्हणायचं. त्या 'माहीत नाही'वरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, "सिस्टर, बाजारात बाटल्या विकणारा तो काढेवाला 'शंभर टक्के गुण' म्हणतो आणि आपण 'माहीत नाही' म्हणतो. लोक कुणाकडे जातील?" तुम्ही म्हणायचात, "जाऊ देत. परत येतील तेव्हा आपण इथे असायला हवं." यावर मी चहा सांगायचो.

आपल्या वेगाचा तर मला फार त्रास व्हायचा. खोटं तासाभरात अख्ख्या तालुक्यात आणि आपलं खरं चार दिवसांनी, कारण डॉक्टर मॅडमना वेळ झाला नव्हता. एकदा मी त्यांना न दाखवताच एक उत्तर चढवलं होतं. बरोबरच होतं ते. तरी तुम्ही दोन मंगळवार आला नाहीत. तिसऱ्या मंगळवारी आलात, बाकावर बसलात आणि म्हणालात, "बरोबर होतं, हे नशीब होतं." बस्स, एवढंच.

आणि मग नामदेवचं झालं.

पाकटाच्या काट्यावरचं ते पान मी लिहिलं होतं. मला त्याचा अभिमान होता, कारण ते कुठूनही उचललेलं नव्हतं, आपल्या किनाऱ्यासाठी लिहिलेलं होतं. पाकट म्हणजे चपट्या अंगाचा, लांब शेपटीचा मासा; वाळूत दडून बसतं, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. त्याचं विष उष्णतेने निवळतं. पाणी किती गरम हवं ते अंशात लिहिलेलं मी वाचलं होतं, पण तुम्हीच म्हणालात, होडीवर थर्मामीटर कोण ठेवतो? मग मी लिहिलं : 'पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा आणि दवाखान्यात जा.' तुम्हाला ते वाक्य आवडलं. डॉक्टर मॅडमनाही आवडलं. त्या वाक्यात काही खोटं नव्हतं.

नामदेव कोळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना गुडघाभर पाण्यात होता. काटा घोट्याखाली लागला. साथीदारांनी उचलून घरी आणला. त्याची बायको चांगुणा, तिला वाचता येत नाही, पण सुनेने फोनवर आपलं पान काढून तिला वाचून दाखवलं. तिने पाणी तापवलं. नामदेवला बरीच वर्षं साखरेचा आजार आणि तळपाय बधिर. कळ पोटरीतून मांडीत चढत होती, पण पाण्याचा चटका त्याला कळतच नव्हता.

तिसऱ्या दिवशी चांगुणा दुकानात आली. मंगळवार होता, तुम्ही बाकावर होतात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बोलली, "सिस्टर, तुमचाच वाचून केला ना आमी. सून वाचीत होती, सोसंल तवरा गरम. ह्यो बोलला, मना काय लागत न्हाय, आनखी वत. म्या वतला. आता पायाची साल उतरली हाय."

"दवाखान्यात नेलं का?"

"न्हाय. कळ थांबली, मंग बोललो बरा झाला."

तुम्ही पिशवी उचललीत आणि तिच्याबरोबर चालू लागलात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. नामदेवला तुम्हीच रिक्षात घालून रुग्णालयात नेलंत. पाय वाचला. दोन बोटं काढावी लागली. पुढचे चार महिने एक दिवसाआड तुम्ही कोळीवाड्यात त्याची जखम बांधायला जात होतात. सुकत घातलेल्या जवळ्यावरून वाट काढत जाताना तुम्हाला मी बऱ्याचदा बघितलंय. तिथून तुम्ही कधी दुकानात आला नाहीत, थेट घरी जायचात.

ते पान दुरुस्त करायचा दिवस मात्र मला जसाच्या तसा आठवतो. मी आधीच वाक्य घालून ठेवलं होतं : 'मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल तर पाणी दुसऱ्या माणसाने हात घालून तपासावं, कढत पाणी ओतू नये.' तुम्ही वाचलंत. म्हणालात, "बरोबर आहे. आणि वर काय लिहिलंस?"

"वर काय लिहायचं?"

"आपल्याकडून चूक झाली, असं."

"सिस्टर, आपलं वाक्य खोटं नव्हतं."

"अपुरं होतं. त्याने माणूस भाजला. आणि तू स्वल्पविराम बदलल्यासारखं गुपचूप बदलतोयस."

मी म्हणालो, असं लिहिलं तर तो काढेवाला उद्या हेच घेऊन गावभर फिरेल. ज्या बायका आपलं ऐकून गोळ्या सुरू ठेवतायत त्या बंद करतील. एकाच्या पायासाठी बाकीच्यांचा विश्वास घालवायचा का? माझा आवाज चढला होता. दुकानात दाखल्यासाठी आलेली दोन माणसं मान खाली घालून ऐकत होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दिलीप, ज्यांनी जुनं वाचलंय त्यांच्या डोक्यात ते तसंच आहे. त्यांना कसं कळणार काय बदललं? पाकट त्यांनाही काटा मारणार आहे."

मला तुमचं पटलं नाही, पण मी लिहिलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात. कुणाचं नाव न घेता, पण काय झालं ते सगळं.

आणि मी म्हणालो होतो तसंच झालं. आठवड्याच्या आत त्या मजकुराचा फोटो काढून काढेवाल्याने फिरवला. 'स्वतःच कबूल केलं!' बाजारात मासळी घेताना एक जण तुम्हाला म्हणाला, "काय सिस्टर, आज कुणाला उकडताय?" आजूबाजूचे हसले. तुम्ही बांगडे पिशवीत टाकलेत आणि निघालात. मी बरोबर होतो. पाऊसभर आपल्याकडे प्रश्न जवळजवळ आलेच नाहीत. मंगळवारी आपण दोघं बाकावर बसून समोरचा रस्ता बघायचो. एकदा मी तोंडावर म्हणालो, "सांगितलं होतं मी."

"हो," तुम्ही म्हणालात. "सांगितलं होतंस."

त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. काढायला हवा होता. कारण पुढे प्रश्न पुन्हा यायला लागले, हळूहळू, आणि त्यात पहिले कोळीवाड्यातूनच आले. चांगुणाच विचारायची. सुनेच्या फोनवरून बोलून पाठवायची : "सिस्टर, ह्या लिंबू-सोड्याचा काय खरा हाय का?" नामदेव आता रापणीला जात नाही, ओट्यावर बसून जाळी विणतो. मला बघितलं की हात वर करतो. त्या हाताकडे बघून माझ्या मनात येतं की तुम्ही बरोबर होतात. मग कुणीतरी काढा पिऊन साखर वाढवून रुग्णालयात पडल्याचं कानावर येतं आणि वाटतं, मी बरोबर होतो. सिस्टर, मला आजही ठरवता येत नाही. तुम्हाला ठरवता आलं होतं का, की तुम्हीही नुसत्या ठाम दिसत होतात? हे एकदा विचारायचं राहिलं.

मग तुमचं पोट दुखायला लागलं.

आजार कळल्यावर गावाने तुमच्यावर माया केली ती आपल्याच पद्धतीने. बाहेरच्या खोलीत बाटल्या जमल्या. कुणाचा कारल्याचा अर्क, कुणाची कुठल्याशा डोंगरावरून आणलेली मुळी, पालीच्या गणपतीचा अंगारा. ज्यांना आपण आठ वर्षं 'आधी विचारा' म्हणत होतो त्यांनीच न विचारता आणलं. अंगारा तुम्ही कपाळाला लावलात. बाकीच्या बाटल्या देणाऱ्याला "बरं झालं आणलंस" म्हणून ठेवून घेतल्यात आणि एकही उघडली नाहीत. मी हसलो तर मला दटावलंत. "माणसं काहीतरी हातात घेऊन आली. रिकामी नाही आली."

नंतरच्या एका दुपारी मी दुकानात होतो. तुमचा मेसेज आला. खाली एक व्हिडिओ आणि वर दोन वाक्यं : 'हे जरा तपास. घाई नाही.'

मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. पांढरा कोट घातलेला गृहस्थ एका झाडाच्या सालीने स्वादुपिंडाची गाठ चाळीस दिवसांत विरघळते असं सांगत होता. शेवटी एक बाई हसत येते आणि म्हणते, मला तीन महिन्यांची मुदत दिली होती, आज मी शेतावर जाते. शेतावर जाते, असं म्हणून ती खरंच चालायला लागते.

बसून तपासलं. तपासायला तुम्हीच शिकवलं होतंत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला सगळं कळलं होतं. डॉक्टर मॅडमना फोन केला. कोणी विचारलंय तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही. अकरा दिवस रोज तुमच्याकडे येत होतो. दुकानातल्या गोष्टी सांगत होतो, फेरीबोट बिघडली, चांगुणाला नात झाली. चौथ्या की पाचव्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तपासलंस?"

"चालू आहे," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात, आणि कुशीवर वळलात. दुखण्याची औषधं त्यानंतर वाढली, तुम्ही बराच वेळ झोपून असायचात. पुन्हा विचारलं नाहीत, आणि बाराव्या दिवशी गेलात.

मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तुम्ही नर्स होतात, तुम्हाला ते खोटं आहे हे माझ्याआधी कळलं असणार. कळलं होतं तर मला का पाठवलंत? आणि कळलं नव्हतं, नुसतं एकदा वाटून बघायचं होतं की त्या बाईसारखं आपणही चालायला लागू, तर ते हिसकावून घेणारा मी कोण? अशी कारणं. पण आठ वर्षांत एकाही माणसाला तुम्ही 'चालू आहे' असं उत्तर देऊ दिलं नव्हतं, ही गोष्ट कुठल्याच कारणाखाली दबत नाही.

तेराव्यानंतर मी स्मिताला विचारलं, "मावशी त्या सालीबद्दल काही बोलली होती का?" ती म्हणाली, "कुठली साल?" तिला तुम्ही दाखवलंच नव्हतंत. आणायलाही सांगितलं नव्हतंत. फक्त मला पाठवलंत. आता तुमच्या मनात काय होतं ते कुठे तपासायचं?

तर आता सांगतो, आपल्या पानावर लिहितो तसंच. तो माणूस डॉक्टर नाही. ती बाई त्या आजाराची रोगी नाही. तिचाच चेहरा गुडघेदुखीच्या तेलाच्या व्हिडिओतही आहे. सालीवर थोडं काम झालंय, पण ते उंदरांवर, आणि दुसऱ्याच आजारासाठी. या सालीने स्वादुपिंडाचा कर्करोग बरा झाल्याचा पुरावा मला मिळाला नाही, डॉक्टर मॅडमनाही मिळाला नाही. सिस्टर, ते खोटं आहे.

मला हे दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं. तुमच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून सांगायला हवं होतं. तुम्ही रडला असतात तर रडू दिलं असतं. मग स्मिताला चहा टाकायला सांगितला असता आणि दिवेलागण होईपर्यंत तुमच्यापाशी बसून राहिलो असतो.